नवव्या फेरीत हात का पडले

बाल्टिमोर, ११ मार्च १९०७

टायटस,

हे अक्षर तू ओळखणार नाहीस, कारण माझं अक्षर तू कधी पाहिलेलंच नाही. मी ड्रुसिला, एनॉकची बायको. घाबरू नकोस. कुणी मेलेलं नाही आणि मला तुझ्याकडून काही नको आहे. एनॉक गेल्यापासून दोन वर्षांत तू लिहिलं नाहीस, मीही लिहिलं नाही. आज मात्र लिहिल्याशिवाय माझा हात इस्त्रीवर टिकत नाही.

सकाळी कॅटोच्या सलूनमध्ये धुतलेले टॉवेल द्यायला गेले. मी आत शिरले आणि सगळे एकदम गप्प झाले. कॅटोच्या हातात पेपर होता, खुर्चीवरच्या माणसाच्या गालाला अर्धा साबण.

"वाच ना, थांबलास का?" मी म्हटलं.

"बाईमाणसासमोर वाचण्यासारखं नाही, सिस्टर."

"तुझ्या दुकानात जे जे बोललं जातं ते टॉवेलांना चिकटून माझ्याच घरी येतं. आण इकडे."

पेपर घेतला आणि उभ्यानेच वाचला. लॉस एंजेलिसची बातमी. टायटस गेन्स, काळा हेवीवेट मुष्टियोद्धा, आठ फेऱ्या गस क्राऊझला कुटत होता. नवव्या फेरीत दोघांची मिठी पडली, आणि गेन्स एकाएकी हात खाली सोडून एक पाऊल मागे झाला. क्राऊझने उजवा ठोसा हनुवटीवर दिला. पंचाने दहा मोजले तरी गेन्स उठला नाही. खाली बातमीदाराने आपली अक्कल पाजळली होती: हात आपोआप पडत नाहीत, कुणीतरी ते पाडायला लावतं.

पोर्टर लिनवूड बाकावर बसला होता, रेल्वेच्या गणवेशातच. तो म्हणाला, "इतक्या वर्षांनी एक गोरा आपल्यातल्याशी लढायला तयार झाला. गेन्सने आठ फेऱ्या त्याला झोडला आणि नवव्यात त्याचा पाहुणचार केला! चांगली रक्कम मिळाली असणार."

"एनॉकला मारताना नाही बरं हात पडले," कॅटो बोलून गेला, आणि मग त्याला आठवलं की मी समोरच उभी आहे. साबणाचा ब्रश हातात धरून तो तसाच राहिला. "सिस्टर, माझी जीभ झडो."

मी टॉवेल ठेवले आणि बाहेर आले.

टायटस, तू लढत विकलेली नाहीस. तुझे हात का पडले ते मला ठाऊक आहे. रिंगबाहेरच्या कुणाला ते ठाऊक असेल तर मला एकटीलाच.

तू आणि एनॉक किती वेळा लढलात ते तुम्हालाही सांगता आलं नसतं. बाल्टिमोर, फिलाडेल्फिया, बॉस्टन, एकदा तर जत्रेतल्या तंबूत, शेजारच्या तंबूत दोन डोक्यांचं वासरू होतं तिथे. गोरे रंगाची रेघ ओढून पलीकडे बसलेले. मग पोट भरायचं तर काळ्याने काळ्यालाच मारायचं, आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावात पुन्हा तोच समोर. प्रत्येक वेळी खरं खरं मारलं असतं तर दुसऱ्या गावाला पोहोचला कोण असता? म्हणून तुमची ती रीत. मिठी पडली की ज्याची बरगडी दुखावलीय किंवा डोळ्यांपुढे अंधार आलाय त्याने दुसऱ्याच्या पाठीवर हलकेच दोनदा हात मारायचा. दुसऱ्याने हात खाली सोडायचे, एक पाऊल मागे व्हायचं आणि त्याला दम खाऊ द्यायचा. हार-जीत कधीच ठरवलेली नसायची. फक्त माणूस शाबूत ठेवायचा. तुमच्यातले सगळेच हेवीवेट हे पाळत, आणि बाहेर कुणी बोलत नसे.

एनॉकला ती सवय घरीही होती. आमचं वाजलं की मागून यायचा आणि पाठीवर दोनदा हात मारायचा. मग मलाही हात खाली सोडावे लागत.

तर मला एवढंच सांग. क्राऊझने त्या मिठीत तुझ्या पाठीवर हात मारला होता का? त्याला आपली रीत कुठली माहीत असायला, सहज पडला असेल. हो की नाही, एवढंच लिही.

ड्रुसिला प्रेदर


बाल्टिमोर, ९ एप्रिल १९०७

टायटस,

तुझं उत्तर मिळालं. "हो. दोनदा. मी काही विचार केला नाही, हात आपले खाली गेले." हे वाचून मी स्वयंपाकघरात एकटीच टाळी वाजवली. वरच्या मजल्यावरच्या ओफेलियाने जमिनीवर काठी आपटून विचारलं, "काय गं, लॉटरी लागली की उंदीर मेला?"

पण पुढचं वाचलं आणि संताप आला. म्हणे आता रिंग सोडणार, लॉस एंजेलिसच्या मालधक्क्यावर पोती उचलणार, लोक म्हणतात ते म्हणोत. तुला कल्पना आहे लोक काय म्हणतात? शाळेतली पोरं खेळताना हात खाली सोडतात आणि ओरडतात, "मी गेन्स, मला पैसे द्या!" धुण्याच्या दोरीआडून मी रोज ऐकते. तू पोती उचललीस तर ही पोरं म्हातारी होईपर्यंत हाच खेळ खेळतील.

लिनवूडला वास आलाय की मला काहीतरी माहीत आहे. परवा दारात येऊन म्हणाला, "सिस्टर, आपल्या लोकांच्या साप्ताहिकात छापून आणू. खरं काय ते सांग, गेन्सचं नाव धुऊन निघेल."

"धुण्याचं मला शिकवू नकोस," मी म्हटलं. "एक डाग काढायला सगळं कापड फाडायचं नसतं."

त्याला काही कळलं नाही, पण तुला कळेल. ती रीत छापली तर उद्या गोऱ्यांचे पेपर लिहितील की काळ्यांच्या सगळ्या लढती ठरवलेली नाटकं. मग जे अजून लढताहेत त्यांना कोण रिंगमध्ये घेईल? आणि एनॉकच्या मागे काय उरेल? एनॉकच्या सगळ्या लढती खऱ्या होत्या. त्याच्या मोडक्या बोटांना मी स्वतः पट्ट्या बांधल्या आहेत. तेव्हा तोंडाने सांगून तुझं नाव परत मिळणार नाही. ते फक्त त्याच रिंगमध्ये, त्याच माणसासमोर मिळेल.

तुझ्या पत्रात शेवटी एक ओळ आहे. "त्या रात्री एनॉकने पाठीवर हात मारला असता तर मी थांबलो असतो." मला ते माहीत आहे. मी त्याच टेबलाशी उभी होते ना. तुम्ही दोघं मासे खात होता आणि तो म्हणाला, "उद्या पाठीवर हात नाही. उद्या जिंकेल त्याला गोऱ्याशी लढत मिळणार आहे. दम उसना घेऊन मला त्याच्यासमोर जायचं नाही." तू काटा काढत म्हणालास, "बरं." मी दोघांच्या ताटात आणखी एकेक तुकडा वाढला. मग चौदावी फेरी, मग इस्पितळ. आणि ज्या गोऱ्यासाठी हे सगळं, त्याने पुन्हा रेघ ओढली ती ओढलीच.

तुला माहीत नाही ते आता सांगते. इस्पितळात एनॉक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शुद्धीवर होता. तू बाहेर पायरीवर बसला होतास, आत आला नाहीस. तो मला म्हणाला, "टायटस मिठीत कानाशी विचारत होता, 'बस करू का?' मी म्हटलं, 'तू तुझं काम कर रे.'" हे सांगताना तो हसला. ओठ फाटलेले, तरी हसला.

हे तुला दफनाच्या दिवशी सांगणार होते. तू आला नाहीस. माझा राग त्याचा होता, टायटस, मारण्याचा कधीच नव्हता.

पोती बिती काही उचलायची नाहीत. क्राऊझच्या माणसांना जाऊन भेट.

ड्रुसिला


बाल्टिमोर, २१ मे १९०७

टायटस!

हे उद्गारचिन्ह मी मुद्दाम काढलंय. पूर्वी कधी वापरायची वेळ आली नव्हती.

अठरा जुलै, लॉस एंजेलिस, वीस फेऱ्या! पेपरात वाचलं तेव्हा इस्त्री शर्टावरच राहिली. वकिलाचा शर्ट होता. पाठीवर अशी सुंदर तपकिरी होडी उमटली आहे की त्याला नवा शिवून द्यावा लागेल. काही हरकत नाही.

क्राऊझ दुसऱ्यांदा का तयार झाला तेही छापलंय. मागच्या वेळी तंबू भरून माणसं बाहेर उरली होती, आणि तू त्याला पाळीव वाटतोस. "गेन्सला हात कुठे ठेवायचे ते कळतं," असं म्हणाला म्हणे. म्हणू दे.

आता इकडचं ऐक. मागे मोठ्या लढतींची खबर आपण गोऱ्यांच्या पेपरच्या कचेरीसमोर ऐकायला जायचो, आठवतं? पलीकडच्या फुटपाथवर, घोड्यांच्या मागे. कर्ण्यातून तो माणूस ओरडायचा आणि आपल्यापर्यंत निम्मंच पोहोचायचं. या वेळी नाही. आपल्या बंधुमंडळाच्या लॉजच्या हॉलमध्ये आपली स्वतःची तार येणार! प्रत्येक फेरीची वेगळी. लिनवूड आणि त्याचे तीन सोबती तारकचेरी ते हॉल पाळीपाळीने धावणार. वर्गणी गोळा होते आहे, ओफेलिया कॅटोच्या दुकानाच्या दारात मासे तळून विकते आहे.

तारा वाचणार कोण यावर मात्र रण पेटलं. कॅटो म्हणाला, "मीच. माझा आवाज आहे."

"तुझा आवाज आहे, पण तो गेन्सचं नाव घेताना थुंकतो," मी म्हटलं. "मी वाचणार."

"लॉजच्या व्यासपीठावर बाई? मुष्टियुद्धाच्या तारा?"

"मी वाचायला कशावर शिकले ते ठाऊक आहे तुला? एनॉकला वाचता येत नव्हतं. त्याच्याबद्दल काय छापलंय ते सांगायला घरात कुणी नव्हतं. बायबल आणि ठोसे, दोन्ही मी एकाच टेबलावर अक्षर अक्षर लावत शिकले. काही दिवस मला वाटायचं दावीदानेही त्या राक्षसासारख्या गल्याथाला नवव्या फेरीत पाडलं."

ओफेलिया हसता हसता कढईत पडली असती.

"आणि कॅटो, दुसरं असं," मी म्हटलं, "एनॉकची विधवा वर उभी राहून वाचत असताना टायटस गेन्सला विकाऊ म्हणायला कुणाचं तोंड उघडतं ते मला बघायचंय."

तो वस्तरा घासत बसला.

आता एक काम कर. सरावाला जो सोबती असेल त्याला सांग, प्रत्येक मिठीत तुझ्या पाठीवर दोनदा हात मारायचा. आणि त्याने मारला की तू ठोसा द्यायचा. रोज. ती खोड अंगातून निघाली पाहिजे. क्राऊझचा हात पुन्हा सहज पाठीवर पडला तर?

इतकी खुशी मला पुष्कळ दिवसांत झाली नव्हती. खोटं कशाला सांगू, थोडी लाजही वाटते.

ड्रुसिला


बाल्टिमोर, ३० जून १९०७

टायटस,

"रोज पन्नास वेळा करून पाहिलं. पाठीवर हात पडला की माझे हात खाली जातात. सोबती हसून हसून दमला. पंधरा वर्षांत मुरलेलं पंधरा दिवसांत कसं निघेल? मी दुसरं काहीतरी बघतो. तू विचारू नकोस."

तुझं पत्र वाचून मलाही आधी हसू आलं. मग दोन्ही इस्त्र्या गार होईपर्यंत मी तशीच उभी राहिले.

विचारत नाही. खूप खा. अंडी खा. क्राऊझ तुझ्याहून तरुण आहे हे मी पेपरात वाचलंय, तू सांगायची गरज नाही. इथे कुणाला मी काही बोलले नाही. त्या दिवशी हॉलमध्ये शंभर माणसं बसतील आणि कशाला घाबरायचं ते त्यांत मला एकटीलाच ठाऊक असेल.

ड्रुसिला


बाल्टिमोर, १९ जुलै १९०७

टायटस,

तुझ्या डोळ्याची सूज उतरायच्या आत हे पत्र निघायला हवं म्हणून सकाळीच बसले आहे. आधी कामाचं. लिनवूडने शिकागोहून पुढच्या गाडीची व्यवस्था केली आहे. तू थेट माझ्याकडे उतर. जेवू, आणि मग दोघं एनॉककडे जाऊ. दफनभूमी ट्रामने लांब नाही. तू एकटा जायचं नाहीस, मी बरोबर येईन.

आता इकडे कसं झालं ते ऐक. तुझी बाजू तुला माहीत आहे, माझी नाही.

तुमच्याकडे दुपार तेव्हा आमच्याकडे संध्याकाळ. हॉलमध्ये शंभर म्हटलं होतं, तीनशे आले. बायका टोप्या घालून, जणू ईस्टर. मी व्यासपीठावर उभी, पुढे पाण्याचा ग्लास.

पहिली तार: "गेन्स दूर राहून डाव्या हाताने मारतो. क्राऊझ मिठीला येतो, गेन्स टाळतो." सगळे खूश. दुसरी तशीच. तिसरी: "क्राऊझ पुन्हा मिठीला. गेन्स निसटला. प्रेक्षकांची हुर्यो."

चौथ्या तारेनंतर कॅटो उभा राहिला. "अरे, धर ना त्याला! वीस फेऱ्या आहेत! मिठीत दम घ्यायचा असतो हे पोरालाही कळतं!"

"त्याला आईने कधी कवेत घेतलं नसेल," ओफेलिया म्हणाली.

"पळतोय! पुन्हा विकला गेलाय!" मागून कुणीतरी ओरडलं.

आणि तिथे, पाचवी तार उघडता उघडता, माझ्या डोक्यात लख्ख झालं. खोड निघत नाही म्हणून तू मिठीच सोडलीस. विसाव्या फेरीपर्यंत एकदाही कुणाच्या खांद्यावर मान टेकायची नाही, एकदाही श्वास उसना घ्यायचा नाही, एनॉक म्हणाला होता तसं! त्या उन्हात, त्या वयात! मला ओरडून सांगावंसं वाटलं. सांगता येत नव्हतं.

"वाच ना सिस्टर," लिनवूड धापा टाकत म्हणाला.

नववी तार आली तेव्हा हॉलमध्ये कुणी खोकलंही नाही. "क्राऊझ मिठीसाठी धावला. गेन्स दोरांपर्यंत मागे. डावी भुवई फुटली. घंटा." घंटा हा शब्द वाचला आणि तीनशे माणसांनी एकदम श्वास सोडला. माझ्या हातातला कागद हलला.

अकरावीत तुझे पाय जड झाले. तेराव्यात तू एका गुडघ्यावर गेलास आणि सहा मोजेपर्यंत तसाच राहिलास. ती ओळ वाचताना माझा आवाज मोडला. कॅटो वर आला. मला वाटलं आता हा कागद हिसकावून घेणार. त्याने खुर्ची आणून ठेवली आणि हळूच म्हणाला, "बस. बसून वाच. पण वाच." मी बसले नाही. खुर्चीची पाठ मात्र घट्ट धरली.

मग पंधरावी, सोळावी. क्राऊझ दमला होता हे तारेतही कळत होतं, कारण प्रत्येक ओळीत तो तुला धरायलाच येत होता. आणि सतरावी! "क्राऊझ मिठीसाठी हात पसरून आला. गेन्सचा डावा ठोसा खालून वर. क्राऊझ लडखडला." मी ती ओळ दोनदा वाचली, लोकांनीच वाचायला लावली. ओफेलिया बाकावर चढली. तिच्या वयात तिने बाकावर चढू नये.

"तो येतोय म्हणून मारतोय!" कॅटोने कपाळावर हात मारून घेतला. "अरे, तो त्याला बोलावतोय आणि दारात झोडतोय! इतका वेळ आपण त्याला पळपुटा म्हणत होतो!"

"आपण नाही. तू," लिनवूडने दारातून सुनावलं आणि पुन्हा पळाला.

एकोणिसावी: "क्राऊझ खाली. आठ मोजले. घंटेने वाचला." विसावी: "दोघे उभे. क्राऊझच्या नाकातून रक्त. गेन्स पुढे. अखेरची घंटा. निर्णय पंचांकडे."

निर्णय. गोऱ्या पंचांकडे. तेराव्या फेरीतला तुझा गुडघा एका पारड्यात, एकोणिसाव्यातला क्राऊझ दुसऱ्या. हॉलमध्ये सगळे जमिनीकडे बघत बसले. तार येईना. बाहेर रस्त्यावर गोऱ्यांची गर्दी त्यांच्या पेपरकडून परतत होती. कॅटोने एकेक करून सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, जुलैच्या त्या उकाड्यात. "काहीही होवो, आवाज बाहेर जायला नको, उगाच दंगा होईल," तो म्हणाला. माझ्या मनात आलं, पंच तुझा हात उचलणार नाही. मग ही पोरं उद्याही दोरीआडून हात खाली सोडतील. मग तू खरंच पोती उचलशील, आणि वीस फेऱ्या तू काय केलंस ते कुणालाच कधी कळणार नाही.

लिनवूड आला. टोपी कुठेतरी पडलेली. त्याने तार वाचली नव्हती, पाकीट बंदच होतं. मी ते फाडलं.

आधी मनातच वाचली. अख्ख्या बाल्टिमोरमध्ये तेवढ्या एका श्वासापुरतं ते माझ्या एकटीचं होतं. तो श्वास मी सोडायला तयार नव्हते. मग ओफेलिया ओरडली, "मेले गं मी, वाच!"

मी खुर्ची सोडली आणि ताठ उभी राहिले.

"पंचांचा निर्णय," मी वाचलं. "टायटस गेन्स विजयी. आणि एनॉक प्रेदर."

पुढच्या बाकावरून कॅटोने माझ्याकडे पाहिलं. तो मूर्ख नाही. "सिस्टर," तो हलक्या आवाजात म्हणाला, "असं लिहिलंय?"

तारेत नाव तुझं एकट्याचंच होतं. मी तिची घडी केली आणि पोलक्याच्या आत ठेवली.

"असंच लिहिलंय," मी म्हटलं.

त्याने डोक्यावरची टोपी काढली, वर फेकली आणि दोन्ही नावं घेऊन ओरडला. बंद खिडक्यांचा काही उपयोग झाला नाही.

ड्रुसिला प्रेदर